चौसष्ट फुटांचा बुरुज

शाळेच्या वार्षिक अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा पहिलं वाक्य वाचून मी खूश झालो आणि दुसरं वाचून पत्राची घडी घातली. 'आल्वारीस सरांबरोबर आपण बारा वर्षे काम केलेत, तरी त्यांच्या आठवणी लिहून पाठवाव्यात,' असं त्यात होतं. मालवणच्या या किनाऱ्यावर मी एकोणीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, खडूने दोन कोट खराब केले, आणि आठवणी मागवल्या जातात त्या आल्वारीसच्या. हिने विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, आल्वारीसचं. ती म्हणाली, "अहो, ते जाऊन दोन वर्षं झाली." मी म्हटलं, "झाली. पण अजून त्यांची पत्रं मलाच येतात."

मी संपादकांना कळवलं की लिहीन, पण फेकलेल्या दगडांच्या गणितांवर लिहीन. आयुष्यभर मी तेच शिकवलं. त्यात आल्वारीस जेवढे यायचे तेवढे येतील. आता लिहायला बसल्यावर दिसतंय की ते पहिल्याच परिच्छेदात येऊन बसलेत. वर्गातही असंच व्हायचं.

ही गणितं काय असतात ते आधी सांगतो. दगड, चेंडू, तोफेचा गोळा, काहीही हातातून सुटलं की ते जमिनीवर पडेपर्यंत कुठून कुठे जातं, किती वेळ हवेत राहतं, किती लांब पडतं, ते फेकून न बघता कागदावर काढायचं. पुस्तकात याला प्रक्षेप्याची गती असं भारदस्त नाव आहे. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या शालान्तच्या, पेपरात याचं एखादंच गणित शेवटी असे, आणि त्यावर मुलांची घाबरगुंडी उडे. कारण सुटलेल्या दगडाला एकाच वेळी दोन कामं असतात. तो पुढे जात असतो आणि खाली पडत असतो. मुलांना ही दोन कामं एकदम दिसतात आणि ती गोंधळतात. वाऱ्याचा अडथळा आम्ही सोडून देतो. समुद्रकाठच्या गावात वारा सोडून द्या म्हणताना मला पहिली काही वर्षं जरा लाज वाटे, मग सवय झाली.

मी घाटावरचा, आजऱ्याकडचा. नोकरीसाठी इथे उतरलो. माझं शिक्षण सूत्रांवर झालेलं. फेकीचा वेग, कोन आणि गुरुत्वाकर्षण, तिन्ही सूत्रात घातली की अंतर बाहेर पडतं. मी ते सूत्र फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या खडूने लिहून ठेवी आणि शिपायाला ताकीद देई की बाकी फळा पूस, तेवढं पुसू नकोस. मुलं ते पाठ करत. पाठ केलेलं सूत्र कुठे वापरायचं नाही, हे मात्र त्यांना कळत नसे. एकाचा दगड शाळेच्या मैदानातून निघून उत्तरात साडेसहा मैलांवर पडला होता. मी त्याला विचारलं, अरे, हा कुठे गेला? तो म्हणाला, सर, कट्टा गावच्या बाजारात. दुसऱ्या एका मुलाचं उत्तर उणे दोन सेकंद आलं. त्याने ते सुबकपणे दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं. मी उभं करून अर्थ विचारला, तर शांतपणे म्हणाला, "सर, दगड टाकूच्या दोन सेकंद आधीच पाण्यात पडलो." वर्गमुळाला दोन उत्तरं येतात आणि त्यातलं एक टाकून द्यायचं असतं, हे मी त्याला सांगितलं. कुठलं टाकायचं ते सांगायचं राहून गेलं असावं, कारण पुढच्या परीक्षेत त्याने बरोबर उत्तर टाकलं आणि उणे दोन ठेवलं.

गणितं रचणाऱ्याचं एक गुपितही सांगून टाकतो. उंची आम्ही नेहमी सोळा, चौसष्ट, एकशे चव्वेचाळीस फूट अशीच देतो. गुरुत्वाकर्षणाचा आकडा तेव्हा बत्तीस धरत. त्यामुळे या उंच्यांवरून पडणारी वस्तू बरोबर एक, दोन, तीन सेकंदांत खाली येते आणि वर्गमूळ गोड सुटतं. जगातली कुठलीच इमारत चौसष्ट फूट नसते, पण आमच्या वहीतल्या सगळ्या असतात. पुढे मेट्रिक पद्धत आली, बत्तीसचे नऊ पूर्णांक आठ झाले, आणि माझ्या दहा वर्षांच्या वह्या एका उन्हाळ्यात रद्दी झाल्या.

तर शाळेत अकरावीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' माझी. 'ब'साठी तिसऱ्या वर्षी आल्वारीस आले. पोटाने जरा सुटलेला, सायकलवरून येणारा माणूस. घर मालवणातलंच, आजोळ गोव्यात. पदवी माझ्यासारखीच, दुसऱ्या वर्गाची. हे मी चौकशी करून माहीत करून घेतलं होतं. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या वर्गातून मुलांचं हसणं माझ्या वर्गात ऐकू यायला लागलं. पदार्थविज्ञानात हसण्यासारखं काय असतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी एकदा पाणी प्यायला जायच्या निमित्ताने त्यांच्या दारावरून गेलो. आल्वारीसनी टेबलाच्या कडेवर दोन ढबू पैसे ठेवले होते. पट्टीच्या एकाच फटक्याने एक पैसा सरळ खाली पडला आणि दुसरा उडून लांब गेला. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि पुन्हा तेच केलं. किती आवाज आले, असं विचारलं. पोरं ओरडली, एक. मग ते म्हणाले, "आडव्याचो हिशेब आडव्याक, उभ्याचो हिशेब उभ्याक. घड्याळ तेवढां दोघांचां एक." झालं. संपला धडा. दगड पुढे कितीही जोरात जावो, त्याच्या खाली पडण्यावर त्याचा काही परिणाम नाही. आधी उभ्या बाजूने वेळ काढा, तो आडव्या बाजूला वापरा. मी जे सहा तासांत शिकवत असे ते दोन ढबू पैशांत झालं होतं. याच प्रयोगाचं एक पितळी यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं. मुलं मोडतील म्हणून मी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि चावी माझ्या करगोट्याला होती.

पाणी न पिताच मी परत आलो. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते बारा वर्षं दुखलं. आता वयाच्या या टप्प्यावर त्याला दुसरं नाव कशाला देऊ? मत्सर होता. चांगला ठसठशीत, रोजचा.

त्याला खतपाणी मिळालं ते नारळामुळे. माझे घरमालक आबा गावकर यांच्या माडावरचा नारळ शेजाऱ्याच्या पडवीवर पडला आणि कौलांचे आठ-दहा नळे फुटले. शेजारी म्हणे, नारळ काढायला चढलेल्या पाडेल्याने तो फेकला. आबा म्हणत, आपोआप सुटून पडला, देवाची करणी, माझा काय दोष? भांडण हातघाईवर यायला लागलं तेव्हा आबांना आठवलं की आपल्या घरात शास्त्राचा मास्तर भाड्याने राहतो. मी मोठ्या ऐटीत कागद-पेन्सिल घेऊन माडाखाली गेलो आणि नारळ किती अंशांच्या कोनात सुटला, असं विचारलं. आबा म्हणाले, आपण तेव्हा चहा पीत होतो. मी कोन शून्य धरून बघितला, तर माझ्या सूत्रातून अंतरही शून्यच आलं. ते सूत्र जिथून फेकायचं आणि जिथे पडायचं त्या दोन्ही जागा एकाच पातळीवर असतील तरच चालतं. माडावरून फेकलेल्या नारळाला ते लागू नाही. मला हे माहीत होतं. पण चार माणसं तोंडाकडे बघत असताना मला ते आठवलं नाही. माझ्या कागदाप्रमाणे नारळ जागचा हललाच नव्हता आणि नळे तर समोर फुटलेले होते.

तेवढ्यात आल्वारीस सायकलवरून चालले होते, त्यांना कुणीतरी थांबवलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. घोसापासून पडवीच्या नळ्यांपर्यंत उंची किती, आणि घोसाच्या बरोबर खालच्या जागेपासून फुटके नळे किती लांब? उंची छत्तीस फूट निघाली, अंतर बारा. सायकलच्या सीटवर हात ठेवूनच त्यांनी हिशेब केला. छत्तीस फूट पडायला दीड सेकंद. दीड सेकंदात बारा फूट बाजूला, म्हणजे सेकंदाला आठ फूट. जो नारळ आपोआप सुटतो त्याला एवढा आडवा वेग कोण देणार? मग ते त्या पाडेल्याकडे वळून हसत म्हणाले, "तूच सांग रे, उडवलंस मां?" तो डोकं खाजवायला लागला. खाली कोंबड्या होत्या, त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून त्याने हाताने जरा बाजूला भिरकावला होता. आबांनी नळे भरून दिले. मला ते पुढे वर्षभर 'कोनवाले मास्तर' म्हणत.

मग मीही वर्गात आडवं-उभं वेगळं करायला लागलो. चोरून नाही म्हणता येणार, कारण त्यांनी काही लपवलं नव्हतं. पण मी त्याला 'दोन बाजूंची रीत' असं नाव दिलं आणि ती कुठून आली ते मुलांना सांगितलं नाही. मुलांना ते माहीत होतं. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी आल्वारीस आपल्या पडवीत कुणालाही फुकट शिकवत, आणि माझ्या तुकडीतली निम्मी मुलं तिथे जात. सोमवारी ती माझ्यासमोर बसून, आल्वारीस सरांनी असां सांगलानी, म्हणून माझ्याच गणिताची माझ्यापेक्षा सोपी रीत मला ऐकवत. त्यांची गणितं होडीची, पागाच्या जाळ्याची, भरतीत वाहून जाणाऱ्या ओंडक्याची. माझी इंग्रजी पुस्तकातली, क्रिकेटच्या चेंडूची आणि विमानातून टाकलेल्या पोत्याची. पोरांनी विमान पाहिलेलं नव्हतं आणि त्यातून पोती का टाकतात हा प्रश्न मलाही पडे.

म्हणून एका वर्षी, शालान्त परीक्षेआधी आमच्या शाळेची जी मोठी चाचणी असे, तिच्यासाठी मी ईर्षेने एक स्थानिक गणित रचलं. 'किल्ल्याचा एक बुरुज समुद्राच्या पाण्यापासून चौसष्ट फूट उंच आहे. त्यावरून एक दगड दर सेकंदाला चाळीस फूट वेगाने आडवा फेकला, तर तो बुरुजापासून किती अंतरावर पाण्यात पडेल?' समोरच्या किल्ल्याचा तट याच्या निम्माही नसेल, पण मला वर्गमूळ सुटायला हवं होतं म्हणून मी तो वाढवला. उत्तर सरळ होतं. चौसष्ट फूट पडायला दोन सेकंद, दोन सेकंदात ऐंशी फूट. सहा मार्क. मला वाटलं, घ्या, आता तुमचा समुद्र माझ्याही पेपरात आला.

ही चाचणी साधी नव्हती. तिच्यात जो विषय राहील त्यामुळे बोर्डाचा फॉर्म अडवला जाई. फॉर्म नाही तर परीक्षा नाही, आणि त्या काळात मुलीचा फॉर्म एकदा अडला की बहुधा शिक्षणच थांबे. आमचे हेडमास्तर या बाबतीत कडक होते. शाळेचा निकाल चांगला दिसावा यासाठी ते सगळं करत आणि त्याला शिस्त म्हणत.

माझ्या तुकडीत शेवंती केळुसकर नावाची मुलगी होती. देवबागची, घरी होडी आणि जाळी. आठवडाभर मालवणात मावशीकडे राहून शिकायची. वर्गात मागे बसे, विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. इंग्रजी कच्चं, पण ओढूनताणून पास व्हायची. तिचा पेपर मी तपासायला घेतला आणि त्या शेवटच्या गणितापाशी थांबलो. तिने लिहिलं होतं, 'बुरुजाची उंची पाण्यापासून दिली आहे, पण ती भरतीला मोजली की ओहोटीला ते दिलेले नाही. ओहोटीला मोजली असल्यास आणि दगड ओहोटीलाच फेकल्यास तो ऐंशी फुटांवर पडेल. दगड उधाणाच्या भरतीला फेकल्यास पाणी सात फूट वर असेल, म्हणून उंची सत्तावन्न फूट.' पुढे तिने सत्तावन्नचं अवघड वर्गमूळ हाताने काढलं होतं, एक पूर्णांक एकोणनव्वद सेकंद, आणि शेवटी लिहिलं होतं, सुमारे साडेपंचाहत्तर फूट.

मी नऊ वर्षं त्या समुद्राकडे बघत होतो. रोज संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जात होतो. आणि तो वर-खाली होतो हे माझ्या गणितात आलं नव्हतं. कुठल्याही चांगल्या मास्तराला तो पेपर वाचून उठून नाचावंसं वाटलं असतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे आल्वारीसचं काम आहे. भरती, ओहोटी, उधाण, ही सगळी त्यांची भाषा. शनिवारी पडवीत बसवून त्यांनी पोरांना शिकवलं असणार की माने सरांच्या गणितात खोट कशी काढायची. माझ्याच पेपरात माझं हसं करायला पाठवलेली ती पोर आहे असं मला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर खात्रीच झाली. मी लाल पेन्सिल घेतली. एका प्रश्नाला दोन उत्तरं लिहिली तर एकही धरायचं नाही, असा एक नियम परीक्षकांत असतो. तो मला नेमका आठवला. मी शून्य दिलं. एकूण एकतीस झाले. पास व्हायला पस्तीस लागत.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. एका तुकडीच्या पेपरांची बेरीज दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने तपासून सही करायची. त्यामुळे तो गठ्ठा आल्वारीसकडे गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत आले, शेवंतीचा पेपर वर ठेवलेला.

"माने, ह्या चेडवान भरती-सुकती दोनव धरल्यान. आणि तुमी शून्य दिलास?"

मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत, तुम्हाला आवडणारच."

त्यांनी पेपरावरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मी नाय शिकवलंय."

मला तो विनय वाटला आणि आणखी राग आला. मी म्हटलं, दोन उत्तरांना मार्क नसतात, हा नियम आहे, तुमच्या तुकडीत तुम्ही काय करता ते मला विचारायचं नाही. मला वाटत होतं की ते वाद घालतील, हेडमास्तरांकडे जातील, आणि मग मला त्यांच्याशी एकदाचं उघड भांडता येईल. त्यांनी तसं काही केलं नाही. खिशातून पेन काढलं आणि पेपरच्या कोपऱ्यात सही केली.

"पेपर तुमचो, मार्क तुमचे. माझ्याकडे बेरीज आसा. बेरीज बरोबर आसा," एवढं बोलून ते गेले.

त्या सहीने मला शनिवारी धक्क्यावर नेलं. पौर्णिमा होती. मी सुंभाची दोरी आणि जाळ्याला लावतात ते शिसं घेऊन गेलो. ओहोटीला धक्क्याच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजलं, दोरीला गाठ मारली, आणि घरी जाऊन जेवून भरतीला परत आलो. मनातून मला सात फूट यायला नको होते. चार आले असते तर मी ते वर्गात सांगितलं असतं. होडीची डागडुजी करत बसलेला एक म्हातारा कौतुकाने बघत होता. म्हणाला, "मास्तरांनू, आज पुनव. उद्या मोजशात तर वेगळां येतलां." दोन गाठींमधलं अंतर मी टेप लावून मोजलं. सात फुटांना दोन इंच कमी.

फॉर्म सोमवारी जायचे होते. माझ्याकडे रविवार पूर्ण होता आणि सोमवारची सकाळ होती. हेडमास्तरांना एवढंच सांगायचं होतं की माझी चूक झाली, सहाऐवजी शून्य पडलं. ते रागावले असते आणि त्यांनी फॉर्म भरला असता. पण मार्क बदलायचे तर त्या पानावर पुन्हा आल्वारीसची सही लागणार होती. ते काही बोलले नसते, हे मला माहीत होतं. हसलेही नसते. नुसतं पेन काढलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. सोमवारी मी वेळेवर शाळेत गेलो, दुसऱ्या तासाला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, खिडकीतून शिपाई फॉर्मांचा गठ्ठा घेऊन पोस्टाकडे जाताना पाहिला, आणि पुढची आकृती काढायला फळ्याकडे वळलो.

शेवंतीच्या बापाने तिला घरी नेलं. नापास झाली, आता बस, असं त्याचं म्हणणं. ऑक्टोबरच्या परीक्षेला तरी तिला बसवा म्हणून आल्वारीस दोन वेळा सायकल घेऊन देवबागला जाऊन आले. पुळणीच्या वाळूत सायकल चालत नाही, ती खांद्यावर घेऊन गेले म्हणे. बापाने ऐकलं नाही. मी गेलो असतो तर कदाचित ऐकलं असतं, कारण मार्क देणारा मी होतो. पण ते आधी जाऊन आले होते. त्यांच्या मागोमाग जायची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती दाखला न्यायला आली. मुंबईला मामाकडे जायचं होतं, असावा जवळ, म्हणून. वर्गशिक्षक म्हणून दाखला मी लिहायचा होता. ती टेबलासमोर उभी राहिली, आणि मी नाव, जन्मतारीख, वर्तणूक असं एकेक भरत गेलो. पाच महिने माझ्या मनात एकच गोष्ट कुरतडत होती, ती मी न बघताच विचारली. म्हटलं, ते भरती-ओहोटीचं तुला आल्वारीस सरांनी सांगितलं होतं ना?

ती म्हणाली, "नाय सर. मी तेंच्याकडे कधी गेलंयच नाय. शनिवारी माका घराक जावक लागायचां. सुकती आसासर पुळणीवरसून चालत गेलां तर बरां, भरती इली की पाय रुततत."

मी विचारलं, मग कुणी सांगितलं?

"तुमीच सांगलास," ती म्हणाली. "नववीत. शाळेच्या बावीचां पाणी मोजूक लावल्यात आणि सगळ्यांची वेगवेगळी उत्तरां इली. तेवा तुमी म्हटलास, 'कुठून आणि कधी मोजलं ते लिहिलं नाही, तर शून्य देईन.' म्हणान मी दोनव लिवलंय."

शाळेच्या आवारात विहीर आहे, नववीचा तास मी घेत असे, आणि शून्याची धमकी माझीच, ती मी सगळ्यांना देई. पण तो तास मला आठवला नाही. आजही आठवत नाही. एकोणीस वर्षांत माझ्या शिकवण्यातलं एक वाक्य कुणाच्या तरी डोक्यात पूर्ण रुजलं होतं, ते बोलताना मी कसा दिसत होतो, काय खुशीत होतो की वैतागलेला, मला काहीही सांगता येणार नाही. आल्वारीसच्या दोन ढबू पैशांचा तो एकच आवाज मात्र मला अजून ऐकू येतो.

दाखल्यावर एकच जागा भरायची राहिली होती, 'शाळा सोडण्याचे कारण'. मी टाक दौतीत बुडवला, निब कडेला पुसली, पुन्हा बुडवली. ती वाट बघत होती. मग मी तिथे 'पालकांच्या इच्छेने' असं लिहिलं, खाली सही केली, टिपकागद दाबला आणि दाखला तिच्या पुढे सरकवला.

तिने तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. कारणापाशी थांबली, मग पुढे गेली. "सर," ती म्हणाली, "तारीख रवली."

मी तारीख घातली.